चप्पल लाईनमधलं दुकान मोबाईलवर न्यायचं तर

पत्र

सप्रेम नमस्कार. कोल्हापुरात चप्पल लाईनमध्ये आमचं छोटं दुकान आहे. सासरे आणि मिस्टर घरीच कोल्हापुरी बांधतात. वेण्या, गोंडे आणि बरीचशी शिलाई मी आणि सासूबाई करतो. नवरात्रात आणि लग्नसराईत धंदा बरा असतो, पावसाळ्यात माश्या मारत बसायची पाळी. ओळखीतली पोरं इन्स्टाग्रामवर विकतात, आपणही विकावं असं मला फार वाटतं. सासरे म्हणतात, चप्पल पायात घालून बघितल्याशिवाय कोण घेणार? मध्ये एक एजन्सीवाला मुलगा आला होता. महिना पंधरा हजार, सहा महिन्यांचा करार, वेबसाइट आणि दहा हजार फॉलोअर्स करून देतो म्हणाला. माझ्याकडे भिशीचे साठ हजार आहेत. पेज, वेबसाइट की ॲमेझॉन-फ्लिपकार्ट, आधी काय करू? आणि रीलमध्ये तोंड दाखवायला सासूबाईंची हरकत आहे, तेही सांगून ठेवते.
– एक सून, कोल्हापूर

उत्तर

ताई, नमस्कार.

सासऱ्यांचं म्हणणं धुडकावून लावू नका. पादत्राणांच्या ऑनलाइन धंद्यात पैसा बुडतो तो नेमका तिथेच, मापात. शर्ट जरा सैल झाला तर माणूस चालवून घेतो. चप्पल अंगठ्याला चावली की चौथ्या दिवशी पार्सल परत, आणि जाण्यायेण्याचं भाडं तुमच्या बोडक्यावर. पण त्यांच्या प्रश्नातच निम्मं उत्तर आहे. तुमची चप्पल पायात घालून बघितलेली, आवडली म्हणून पैसे मोजलेली माणसं गेली कित्येक वर्षं तुमच्या दुकानात येऊन गेली आहेत. ती आत्ता कुठे आहेत?

नागपूरचं एखादं कुटुंब अंबाबाईच्या दर्शनाला येतं, निघताना चप्पल लाईनमध्ये शिरतं, दोन जोड घेतं आणि गाडीला लागतं. दीड-दोन वर्षांनी तळ झिजतो. गृहस्थांना तीच चप्पल हवी असते, त्याच मापाची, त्याच हातची. पण दुकानाचं नाव आठवत नाही, पिशवीवर नुसतं ‘कोल्हापुरी चप्पल’ छापलेलं, आणि ओळीतली सगळी दुकानं आठवणीत सारखीच दिसतात. मग ते नागपुरातच एखाद्या प्रदर्शनात रेक्झीनचा जोड घेऊन मोकळे होतात. हे गिऱ्हाईक तुम्ही एकदा कमावलंत आणि सोडून दिलंत. मोबाईलचा पहिला उपयोग ते धरून ठेवण्यासाठी करा. अनोळखी माणसांना गाठणं नंतर, आणि त्याची मला तरी घाई दिसत नाही.

म्हणून त्या मुलाला सरळ नको म्हणून सांगा. पंधरा हजार गुणिले सहा म्हणजे नव्वद हजार. तुमच्याकडे साठ आहेत. करार मध्येच मोडता येतो का, वेबसाइट कुणाच्या नावावर राहणार, पेजचा पासवर्ड कुणाकडे, यातलं काहीच तुमच्या पत्रात नाही, म्हणजे त्यानंही ते सांगितलेलं नसणार. आणि आकडा ठरवून फॉलोअर्सचं वचन देणारा बहुधा विकतची खाती जोडतो. त्या खात्यांना पाय नसतात, त्यामुळे चपलाही लागत नाहीत.

आता काम. दुकानासाठी वेगळं सिम घ्या आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका. ॲप फुकट आहे, २०१८ पासून आहे, आणि साध्या व्हॉट्सॲपपेक्षा त्यात दोन-तीन गोष्टी तुमच्या उपयोगाच्या आहेत. एक म्हणजे कॅटलॉग. फोटो, नाव, किंमत एकदा भरून ठेवायची. कुणी विचारलं की तेवढंच पाठवायचं. दुसरं म्हणजे लेबल. ‘पैसे आले’, ‘माप यायचंय’, ‘पार्सल गेलं’ अशी लेबलं लावली की वहीत शोधाशोध करावी लागत नाही. रात्री उशिरा येणाऱ्या ‘हाय’ला आपोआप उत्तर जाण्याची सोयही आहे. ती जरूर लावा आणि झोपा. दिवसातून दोन वेळा, सकाळी दुकान उघडल्यावर आणि संध्याकाळी, बसून उत्तरं द्यायची असं ठरवलंत तर वेण्या घालायचं कामही होईल.

खरी गोष्ट पुढे आहे. गल्ल्याजवळ एक क्यूआर ठेवा, जो स्कॅन केल्यावर थेट तुमच्या चॅटमध्ये उघडतो. जोड घेतलेल्या माणसाला म्हणायचं, ‘तुमचं माप आमच्याकडे लिहून ठेवतो, पुढच्या वेळी घरबसल्या मागवता येईल. एक मेसेज टाका आणि नंबर सेव्ह करा.’ सेव्ह करायला सांगणं विसरू नका, कारण ब्रॉडकास्ट यादीतून, म्हणजे एकच निरोप अनेकांना वेगवेगळा पोचवणाऱ्या यादीतून, पाठवलेला निरोप ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच पोचतो. एका यादीत २५६ जण बसतात, मग दुसरी यादी करायची. तो माणूस दुकानात असतानाच त्याचं नाव असं साठवा: ‘देशमुख नागपूर – ८ – कापशी’. गाव, माप, प्रकार. दोन वर्षांनी हेच तुमचं भांडवल ठरेल, आणि ते कुठली कंपनी काढून घेणार नाही. फक्त फोनचा बॅकअप चालू ठेवा आणि अधूनमधून ती यादी वहीतही उतरवा.

ग्रुप मात्र काढू नका. अनोळखी माणसांना एका ग्रुपमध्ये कोंबलं की प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, कुणीतरी सकाळी गुलाबाची फुलं पाठवायला लागतो आणि चांगली गिऱ्हाइकं निमूट बाहेर पडतात. ब्रॉडकास्टवरही रोज काही पाठवू नका. कंटाळून लोकांनी ब्लॉक केलं, तक्रार केली, तर व्हॉट्सॲप नंबरच बंद करतं. पाऊस ओसरल्यावर एकदा, दिवाळीआधी एकदा, लग्नसराईच्या तोंडावर एकदा, एवढं पुरे. माझं ऐकाल तर पहिला निरोप विक्रीचा नकोच. ‘आमच्याकडून नेलेल्या जोडाची शिवण सुटली असेल, वेणी उसवली असेल तर पाठवा, दुरुस्त करून देऊ’ असं लिहा. भाडं त्यांचं, मजुरी जी काय असेल ती सांगायची. यंत्रावर बनवलेल्या चपलांचा विक्रेता हे म्हणू शकत नाही. तुम्ही म्हणू शकता.

दुसरं काम गूगलच्या नकाशावरचं. देवळातून बाहेर पडलेला माणूस मोबाईल काढून जवळपास कोल्हापुरी कुठे मिळते ते शोधतो, आणि नकाशा जे पहिलं दाखवेल तिकडे वळतो. गूगल बिझनेस प्रोफाइलला पैसे लागत नाहीत. आधी तुमच्या दुकानाचं नाव टाकून बघा. कुणा ग्राहकानं पूर्वीच जागा टाकून ठेवलेली असण्याची शक्यता असते. तसं असेल तर ती नोंद आपल्या ताब्यात घ्यायची, नसेल तर नवी करायची. पडताळणीसाठी हल्ली बऱ्याचदा दुकानाचा व्हिडिओ मागतात: बाहेरची पाटी, रस्ता, आतला माल, कुलूप उघडताना. दुकानाची वेळ, सुट्टीचा वार, फोन नीट भरा. बंद दुकानापर्यंत तंगडतोड केलेला माणूस एक तारा देऊन जातो. खूश झालेल्या गिऱ्हाइकाला चार ओळी लिहायला सांगण्यात कमीपणा नाही, पण नातेवाइकांकडून पन्नास अभिप्राय लिहून घेऊ नका. वाचणाऱ्याला वास येतो. वाईट अभिप्राय आला तर दोन ओळींत शांतपणे उत्तर द्या. ते उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा पुढच्या शंभर जणांसाठी असतं.

मापाचं म्हणाल तर, नवीन माणसाला नंबर विचारू नका. एका कंपनीचा आठ दुसऱ्या कंपनीचा साडेसात असतो, आणि बुटाचा नंबर सांगून कोल्हापुरी मागवणारा हमखास फसतो. त्याला सांगा: कागदावर उभं राहा, अंगावर वजन घेऊन, पेन्सिल उभी धरून दोन्ही पावलांची बाह्यरेषा काढा, बाजूला पट्टी ठेवा आणि वरून सरळ फोटो पाठवा. टाचेपासून अंगठ्यापर्यंत किती सेंटिमीटर, सर्वांत रुंद जागी किती, आणि पायाचा घेर, म्हणजे पावलाच्या मधल्या भागाभोवती दोरा गुंडाळून ती लांबी. तुमच्या सासऱ्यांना या तीन आकड्यांवरून जोड बांधता येईल, आणि तेव्हा त्यांची शंकाही विरेल, कारण हे काम त्यांचंच आहे. मापाची बैठक त्यांच्याकडेच द्या. मोबाईलवरचे फोटो बघून ‘या बाईंचा उजवा पाय रुंद आहे, पट्टा सैल ठेवा’ असं जो माणूस सांगतो, तसा माणूस वेबसाइटवाल्यांकडे नाही.

नवी कोल्हापुरी सुरुवातीला कडक असते, थोड्या वापरानंतर पायाला बसते. ओली झाली तर उन्हात न टाकता सावलीत वाळवायची. अधूनमधून तेलाचा हात फिरवायचा. हे आपल्याला माहीत असतं, बंगळुरूच्या मुलीला नसतं. ती दुसऱ्याच दिवशी ‘चावते’ म्हणून लिहील. चार वाक्यांचं कार्ड प्रत्येक जोडाबरोबर गेलं तर निम्म्या तक्रारी जन्मालाच येत नाहीत.

आता सासूबाई. त्यांची हरकत मला योग्य वाटते, आणि तुमचं काहीच अडत नाही. लोकांना चेहरा बघायचा नसतो, हात बघायचे असतात. कातड्याच्या बारीक पट्ट्यांची वेणी बोटांतून उतरताना मी कितीही वेळ बघू शकतो, आणि माझ्यासारखे रिकामटेकडे इंटरनेटवर पुष्कळ आहेत. या धंद्यात पुरुषांचं नाव होतं आणि वेणीचं काम बायका करतात, हेही त्या निमित्तानं दिसेल. सकाळच्या उजेडात, सोप्यात, फोन स्टँडवर ठेवून तीस-चाळीस सेकंदांचं चित्रीकरण करा. वर सिनेमातलं गाणं लावू नका. खिळ्याशिवाय तळ कसा शिवतात ते दाखवा. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं कसं दिसतं, तेल लागल्यावर रंग कसा खुलतो ते दाखवा. कापशी, पुकरी, कुरुंदवाडी यांत फरक काय, हे सासऱ्यांच्या आवाजात. चपलेची ती करकर तर नुसती ऐकवली तरी चालेल. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या एखाद्याला त्यात आजोबा ऐकू येतील, आणि तो दुसऱ्या मिनिटाला किंमत विचारेल.

किंमत लिहायची. ‘किंमत इनबॉक्समध्ये’ हा प्रकार मला अजिबात आवडत नाही. विचारणारा संकोचतो आणि पुढे सरकतो, आणि तुमचा वेळ एकच आकडा चाळीस वेळा लिहिण्यात जातो. बाराशे तर बाराशे, अठराशे तर अठराशे. तीनशेला मिळते म्हणून वाद घालणारे येतील. त्यांच्याशी वाद घालू नका, वेणीचा व्हिडिओ पाठवा.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला मंचावर आणल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, ते तुमच्या ओळीत सगळ्यांना पाठ असेल. मोबाईलवरून एवढा गदारोळ उठला की कंपनीला त्या चपलांमागची प्रेरणा भारतीय असल्याचं मान्य करावं लागलं. त्याच वर्षी डिसेंबरात महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार होऊन दोन हजार जोड इथे बनवायचं ठरलं, एकेकाची किंमत सुमारे ८०० युरो. गदारोळ करणाऱ्यांपैकी किती जणांनी कारागिराकडून जोड घेतला, हा प्रश्न वेगळा. पण त्या दिवसांत लोक ‘खरी कोल्हापुरी कुठे मिळेल’ असं खरोखरच विचारत होते, आणि ज्या दुकानाचा नंबर, नकाशा, फोटो तयार होते त्यालाच उत्तर देता येत होतं. अशी लाट सांगून येत नाही आणि पंधरा दिवसांत ओसरते. ती येईल या आशेवर धंदा करू नये, पण आली तेव्हा पाटीच नव्हती असंही होऊ नये.

याच ओघात भौगोलिक मानांकनाचं, म्हणजे ठरावीक भागातच परंपरेनं बनणाऱ्या वस्तूला मिळणाऱ्या कायदेशीर ओळखीचं बघा. कोल्हापुरी चपलेला ते २०१९ साली मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे आठ जिल्हे त्यात येतात. मानांकन सगळ्या परंपरेला आहे. तुमच्या जोडावर त्याचं चिन्ह लावायचं तर ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून तुमची स्वतःची नोंद लागते. संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाच्या कार्यालयात चौकशी करा. ऑनलाइन गिऱ्हाइकाला कातडं हातात घेऊन बघता येत नाही, त्यामुळे अशा कागदाचं वजन दुकानापेक्षा तिथे जास्त.

ऑर्डर घेताना एक शिस्त पाळा: मापाप्रमाणे बांधून देणार, पंधरा दिवस लागणार, निम्मे पैसे आधी. ‘हाताचं काम आहे’ हे सांगितलं की लोक थांबतात. तयार मालाचे सगळ्या मापांचे ढीग लावून पैसा अडकवण्यापेक्षा हे बरं. पार्सल हातात पडल्यावर पैसे, ही पद्धत टाळा. पार्सल दारात गेल्यावर ‘साहेब घरी नाहीत’ असं उत्तर आलं की जातानाचं आणि परत येतानाचं, दोन्ही भाडं विकणाऱ्याच्या माथी.

भाड्यात एक गोम आहे. बऱ्याच कुरिअर कंपन्या काट्यावरचं वजन आणि आकारमानाचं वजन यातलं जे जास्त ते धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून पाच हजारांनी भागायचं. बुटाच्या खोक्यात, ३२ गुणिले २० गुणिले ११, जोड टाकलात तर हिशोब होतो १.४ किलो. तोच जोड तळाला तळ लावून चपट्या खोक्यात, ३० गुणिले २२ गुणिले ६, बसवलात तर ०.८ किलोच्या आत. चप्पल तीच, भाडं एका टप्प्यानं कमी. खोकी बनवून घेतानाच हे मोजून घ्या. आणि कातडं थेट प्लॅस्टिकमध्ये बंद करू नका, पावसाळ्यात बुरशी धरते. आधी सुती कापड किंवा कागद, त्यावर खोकं, बाहेरून प्लॅस्टिक. लहान गावांसाठी स्पीड पोस्ट अजूनही भरवशाचं वाटतं मला; पोस्टमन पोचतो तिथे कुरिअरवाला ‘तालुक्याला येऊन घेऊन जा’ म्हणतो.

ॲमेझॉन-फ्लिपकार्ट एवढ्यात नको. दोघांच्याही कारागिरांसाठी योजना आहेत, आणि पुढे कधी दहा-बारा माणसं कामाला लागली तर जरूर विचार करा. पण आज तिथे गेलात तर कमिशन जाईल, माप चुकल्याचे परतावे येतील, शेजारीच तीनशेचा रेक्झीनचा जोड दिसेल, आणि विकत घेणाऱ्याचा नंबर तुम्हाला मिळणार नाही. म्हणजे ज्या नागपूरकरांना धरून ठेवायचं म्हणून हा खटाटोप, तेच पुन्हा हातातून जाणार. वेबसाइटही सध्या नको. फक्त दुकानाच्या नावाचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, घेऊन ठेवा, वर्षाला हजाराच्या आत मिळतं. ते उघडलं की सरळ तुमचं व्हॉट्सॲप उघडेल एवढी सोय पुरे.

कराचं थोडक्यात सांगतो, पण हे टाळू नका. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकणाऱ्याला चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. बंगळुरूला पार्सल गेलं की गणित बदलतं. दुसऱ्या राज्यात माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी लागते. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना यातून सवलत आहे. त्या यादीत आपला जोड कसा बसतो ते करसल्लागाराकडून पहिल्या परप्रांतीय ऑर्डरच्या आधीच लिहून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोडाला ५ टक्के आणि त्यावरच्याला १८ टक्के दर आहे, त्यामुळे सव्वीसशेचा जोड ठेवताना दोनदा विचार करा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंद, करा, ती सरकारी संकेतस्थळावर पूर्ण मोफत आहे. हजार-पंधराशे मागणारी जी संकेतस्थळं शोधात वर येतात ती दलालांची.

आणि फसवणूक. ‘मी लष्करात अधिकारी आहे, युनिटसाठी चाळीस जोड हवेत, आगाऊ पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा’ असा फोन तुम्हाला येणार, हे गृहीत धरा. पैसे यायचे असतील तर स्कॅन करावं लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. एवढं घरातल्या सगळ्यांना पाठ करून घ्या, सासूबाईंनाही. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट दाखवला म्हणून माल सोडू नका. खात्यात बघा किंवा साउंडबॉक्स बोलू दे. काही झालंच तर वेळ न घालवता १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकाला फोन. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप दोन्हीला दोन टप्प्यांची पडताळणी लावा, आणि खाती तुमच्या नंबरवर, तुमच्या ईमेलवर असू द्या. हौशी भाच्यानं स्वतःच्या फोनवरून उघडलेलं पेज पुढे भाच्याचं होतं, आणि दुकान तुमचं राहतं.

जाहिरातीला विरोध नाही माझा, पण कुठे आणि केव्हा ते बघा. नवरात्रात शहर माणसांनी फुललेलं असतं. त्या दहा दिवसांत रोज दोनशे रुपये, आणि परीघ देवळाभोवतीचे चार-पाच किलोमीटर, एवढीच जाहिरात लावा. अख्ख्या भारतावर ती उधळली तर दोनशे रुपयांत कुणाच्याही डोळ्यांपुढे ती क्षणभर थांबणार नाही. पावसाळ्यात एक रुपयाही घालू नका. ते तीन महिने फोटो काढायचे, कॅटलॉग भरायचा, जुन्या पावत्यांवरचे नंबर गोळा करायचे.

साठ हजारांचा माझा हिशोब असा. फोनचा स्टँड आणि साधा दिवा, दीड हजार. नाव, नंबर आणि क्यूआर छापलेल्या पिशव्या नि कार्डं, पाच हजार. यात काटकसर नको, नागपूरला जाणारी पाटी तीच. चपटी खोकी पहिल्या शंभर जोडांपुरती, तीन-चार हजार. सिम, डोमेन, नवरात्रातली जाहिरात मिळून तीन-साडेतीन हजार. करसल्लागाराची फी धरली तरी वीस हजारांच्या आत सगळं बसतं. उरलेले चाळीस पाऊस ओसरल्यावर कातड्यात घाला. लग्नसराईत आगाऊ पैसे घेतलेले जोड तारखेला द्यायचे तर कातडं घरात असायला हवं, आणि त्या दिवसांत व्यापारी उधारीवर देत नाही.